कालवं काढली की काढलं?

तुर्भे म्हटलं की आज मार्केट आठवतं. पण शेजारीच ठाण्याची खाडी आहे, आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत कालवं ही जुनी ओळखीची चव.

आता 'कालवं' हा शब्द ऐका. 'केळं'सारखं एकवचन की 'घरं'सारखं अनेकवचन? नुसत्या कानाला कळत नाही, क्रियापद सांगतं : केळं सोललं, पण कालवं काढली.

रोमन लोकांचीही हीच अडचण. ग्रीक 'ऑस्ट्रेऑन' नपुंसकलिंगी. लॅटिनमध्ये त्याचं झालं 'ऑस्ट्रेउम', अनेकवचन 'ऑस्ट्रेआ'. पण लॅटिनमध्ये शेवटचा 'आ' स्त्रीलिंगी एकवचनाचाही! म्हणून 'ऑस्ट्रेआ' स्त्रीलिंगी एकवचन म्हणूनही चाललं. खाताना एकच कालव कोण मोजतो?

या ग्रीक शब्दाचं नातं हाडाशी, म्हणजे 'ऑस्टेऑन'शी. त्याचंच भावंड संस्कृत 'अस्थि', तेही नपुंसकलिंगी. मराठीत मात्र आपण अस्थी गोळा 'केल्या' म्हणतो. म्हणजे आपणही तेच केलं.

लिंग-वचन पुस्तकात नंतर येतं, आधी ते वापरणाऱ्यांच्या तोंडी ठरतं. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली, चांगलंच झालं. पण कालवं काढणारेच उरले नाहीत, तर 'काढली' की 'काढलं', हे पुढच्या पिढीला कोण सांगणार?