दामकीर्तीची आई

हल्ली आपल्या बायकांच्या ग्रुपवर फोटो येतात ते इटलीचे. निळंशार तळं, काठावर दगडी गाव, गावात हजार-दीड हजार वर्षांचं चर्च आणि मागच्या डोंगरात चढत गेलेली पायवाट. जैन जेवणाची सोय असलेल्या टूर निघाल्यापासून आपल्या सासवा-सुनाही हौसेने जाऊन येतात. जरूर जावं. पण परत आल्यावर त्यांना मी एक प्रश्न हमखास विचारते, "हलशी बघितलीस का गं?" निपाणी, चिकोडीच्या बायकांना तर हलशी कुठे आहे तेही सांगावे लागते. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात हे गाव आहे. तिथे जुनी दगडी देवळे आहेत, तीर्थाची कुंडे आहेत, टेकडीवर जाणारी वाट आहे. आणि दीड हजार वर्षांपूर्वीची आपल्या धर्माची अशी एक हकिकत तिथे सापडली आहे, की ती प्रत्येक जैन बाईला माहीत असायला हवी.

निपाणीकडून येणाऱ्यांनी तवंदी घाटात स्तवनिधीचे दर्शन घ्यावे आणि हायवेने बेळगाव गाठावे. बेळगावहून खानापूर, मग नंदगड आणि पुढे हलशी. बेळगावपासून साधारण चाळीस किलोमीटर. निपाणीकडची तंबाखूची काळी रानं मागे पडतात, माती तांबडी होते, भाताची खाचरं आणि झाडी सुरू होते. मलप्रभा नदी याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. नंदगडला संगोळी रायण्णाची समाधी आहे; 1831 मध्ये इंग्रजांनी त्याला तिथे फाशी दिले. तिथे हात जोडून पुढे निघावे.

हलशीत सगळ्यात मोठे देऊळ भूवराह नरसिंहाचे. एका टोकाला नरसिंह, दुसऱ्या टोकाला वराह, असे समोरासमोर दोन गाभारे. हे गोव्याच्या कदंब राजांच्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकातले काम. त्याच घराण्यातल्या शिवचित्त पेर्माडी राजाची राणी कमलादेवी हिने जवळच देगावला कमलनारायणाचे देऊळ बांधवले, तेही बघण्यासारखे आहे. हलशीत याशिवाय महादेवाची जुनी देवळे आहेत, एक जैन बस्ती आहे आणि गावाबाहेर टेकडीवर रामतीर्थ आहे. येणारी माणसे बहुतेक भूवराहाचे दर्शन घेऊन, फोटो काढून परत फिरतात. पण आपली गोष्ट बाराव्या शतकाच्याही सातशे वर्षे आधीची आहे.

त्या काळी हलशीचे नाव होते पलाशिका. बनवासी ही कदंबांची मुख्य राजधानी आणि पलाशिका हे त्यांचे दुसरे मोठे ठाणे. एकोणिसाव्या शतकात नंदगड रस्त्यावर, हलशीपासून थोड्या अंतरावर, चक्रतीर्थ नावाच्या एका लहानशा विहिरीजवळ मातीच्या ढिगाऱ्यात काही ताम्रपट सापडले. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते वाचून छापले. या फ्लीटसाहेबाने आपल्या भागातले शेकडो शिलालेख वाचून ठेवले आहेत. ताम्रपटांची भाषा संस्कृत. पाट्या कोणत्या भाषेत लावायच्या यावरून आपण इथे इतकी वर्षे भांडतो, आणि गावाचा सगळ्यात जुना कागद मात्र मराठीतही नाही, कन्नडमध्येही नाही!

या पत्र्यांवर काय लिहिले आहे? कदंब राजे स्वतः वैदिक धर्माचे. पण एका ताम्रपटात मृगेशवर्मा राजा सांगतो, की त्याने आपल्या वडिलांच्या पुण्यासाठी पलाशिकेत जिनालय बांधवले आणि मातृसरित नदीपासून इंगिणी नदीच्या संगमापर्यंतची 33 निवर्तने जमीन अर्हंतांच्या नावे दिली. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. हे दान कुणासाठी, तर यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या तीन मुनिसंघांसाठी. पाचवे शतक संपत आले होते तेव्हाची ही गोष्ट.

मृगेशाचा मुलगा रविवर्मा. त्याच्या ताम्रपटातली आज्ञा वाचताना मी तर दोन वेळा थांबले. दर वर्षी कार्तिकी पौर्णिमेला आठ दिवसांचा जिनेंद्राचा उत्सव करावा आणि त्याचा खर्च पुरुखेटक गावाच्या उत्पन्नातून भागवावा. पावसाळ्याचे चार महिने यापनीय मुनींची आहाराची सोय व्हावी. गावातल्या आणि देशातल्या भाविकांनी जिनपूजा अखंड चालू ठेवावी. बघा, कार्तिकातले आठ दिवस म्हणजे आपली अष्टाह्निका! कार्तिक शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत आपण नंदीश्वराचे व्रत करतो, बस्तीत मांडणी करतो, कुणी एकभुक्त राहते, कुणी उपवास धरते. सासूने केले म्हणून सुनेने केले, एवढेच आपल्याला ठाऊक. पण आपल्याच जिल्ह्यात त्या आठ दिवसांसाठी राजाने गावाचे उत्पन्न लावून दिले होते, तेही मराठीतला पहिला शिलालेख कोरला जाण्याच्या चारपाचशे वर्षे आधी. आणि खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना चार महिन्यांची सोय का लागली हेही कळेल. ओल्या मातीत पावलोपावली जीव. मुनी विहार करणार कसा?

आता मुख्य गोष्टीकडे येते. याच रविवर्म्याच्या ताम्रपटात एका घराण्याची हकिकत दिली आहे. श्रुतकीर्ती नावाचा एक जैन सेनापती होता. त्याने काकुस्थवर्मा राजाचा जीव वाचवला म्हणून राजाने त्याला खेट गावी दान दिले. पुढे श्रुतकीर्ती वारला. तेव्हा मृगेशवर्म्याने ते दान पुन्हा चालू केले आणि धर्मकार्यासाठी ते गाव दिले दामकीर्तीच्या आईला. दामकीर्तीचा मुलगा जयकीर्ती राजाच्या दरबारात प्रतिहारी झाला, म्हणजे ही बाई त्याची आजी.

घरात कर्तासवरता पुरुष असून राजाने गाव एका बाईच्या हाती सोपवले. तिच्या भक्तीवर आणि व्यवहारावरही त्याचा विश्वास असणार. गावाचे उत्पन्न धर्मासाठी लावायचे म्हणजे नुसते हात जोडून भागत नाही. धान्य किती आले, मुनींच्या आहाराला किती लागले, उत्सवाला किती ठेवायचे, हे सगळे बघावे लागते. आपल्या घरातल्या आज्ज्या हेच तर करत आल्या. पण तिचे नाव? ते नाही. सेनापतीचे नाव आहे, मुलाचे आहे, नातवाचे आहे, राजांची आहेत. ती मात्र दामकीर्तीची आई.

त्याच सुमारास तिकडे इटलीत काय चालले होते? 476 मध्ये पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य संपले. रावेन्ना नावाच्या गावात त्या शतकातली एक छोटी इमारत अजून उभी आहे. ती गाल्ला प्लाचिदिया या राजघराण्यातल्या बाईच्या नावाने ओळखली जाते. तिथल्याच सान विताले चर्चमध्ये सहाव्या शतकातले सम्राज्ञी थिओडोराचे रंगीत काचांच्या तुकड्यांतले चित्र आहे. ते बघायला जगभरातून माणसे जातात. त्या सम्राज्ञी होत्या, आपली बाई सेनापतीच्या घराण्यातली, हे खरे. तरीही त्यांचे चेहरे राहिले आणि हिचे साधे नावही राहिले नाही, याची रुखरुख वाटतेच.

तिने ज्यांची सोय बघितली असेल ते यापनीय मुनी कोण, हे समजून घेतल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन पंथ आपण जाणतो. यापनीय हा तिसरा. तो याच भागात, उत्तर कर्नाटकात, हजारभर वर्षे नांदला आणि मग नाहीसा झाला. त्यांचे मुनी दिगंबर मुनींसारखेच नग्न राहत, मूर्तीही तशाच पूजत. पण एका बाबतीत त्यांचे मत वेगळे होते. स्त्रीला याच देहातून मोक्ष मिळू शकतो, असे ते मानत.

आपल्या दिगंबर परंपरेत मोक्षासाठी आधी पुरुषजन्म घ्यावा लागतो असे सांगितले आहे. वस्त्राचाही परिग्रह सुटल्याशिवाय मुक्ती नाही आणि स्त्रीला वस्त्रत्याग करता येत नाही, हे त्याचे एक मुख्य कारण. यापनीय आचार्य शाकटायन नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेले. मोठे व्याकरणकार. त्यांनी ‘स्त्रीनिर्वाणप्रकरण’ नावाचा एक छोटा ग्रंथच या विषयावर लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मोक्षाला लागतात ती तीन रत्ने, म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. स्त्री असणे यांतल्या कशाच्या आड येते ते दाखवा. वस्त्राचे म्हणाल, तर परिग्रह वस्तूत नसतो, आसक्तीत असतो. संयम पाळण्यासाठी नेसलेले लुगडे परिग्रह कसे होईल? आणि धैर्य कमी म्हणाल, तर ब्राह्मी, सुंदरी, राजीमती, चंदना यांच्याकडे बघा.

राजीमती म्हणजे नेमिनाथांची वाग्दत्त वधू राजुल. तिच्या नावावरून बेळगाव आठवते. किल्ल्यातली कमल बस्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने 1204 मध्ये ती बांधवली. छतातले दगडी कमळ बघून मान दुखते तरी खाली बघवत नाही. आत नेमिनाथ आहेत. तिचे दानलेख कोरलेल्या शिळा मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण बेळगावात नेमिनाथांची याहून जुनी मूर्तीही आहे, दोड्ड बस्तीत. तिच्या बैठकीवरच्या लेखात 1013 मध्ये यापनीय संघाच्या पारिसय्याने मंदिर बांधवल्याचे नोंदले आहे. म्हणजे आज आपण दिगंबर श्रावक ज्या मूर्तीपुढे अर्घ्य वाहतो, ती यापनीयांची. तिने काही आपल्याला परके मानले नाही!

ही विसरलेली नाळ दाखवून देणाऱ्या विद्वानांत आपल्याच मुलखातले एक नाव आहे, डॉ. आ. ने. उपाध्ये. चिकोडी भागातल्या सदलग्याला 1906 मध्ये त्यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते अर्धमागधी शिकवत. यापनीय संघावर त्यांनी 1930 च्या दशकापासून लिहिले. स्वतः दिगंबर परंपरेत वाढूनही त्यांनी ते मत लपवले नाही की हिणवले नाही. जे लेखांत दिसले ते मांडले.

मला कुणाची श्रद्धा हलवायची नाही. मीही रोज त्याच बस्तीत जाते आणि महाराजांपुढे हात जोडते. पण स्वाध्यायात कॉलेजातल्या मुली विचारतात, "काकू, बाईला मोक्ष का नाही?" तेव्हा आपण त्यांना गप्प बसवतो, नाहीतर विषय बदलतो. मग त्या मुली यायच्या थांबतात. त्यांना एवढे तरी सांगू या, की हा प्रश्न मोबाइलमधून आलेला नाही, शहरातूनही नाही. तो इथल्याच मातीतला आहे. पूर्वीच्या आचार्यांनी तो गंभीरपणे घेतला, दोन्ही बाजूंनी ग्रंथ लिहिले, आणि ‘हो, मिळतो’ म्हणणारे मुनी हलशीत चातुर्मास करत होते. अनेकांतवाद आपण जगाला शिकवतो म्हणतो. घरातल्या मुलीपुढे तो थोडा वापरायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट नावांची. आपल्या बस्त्यांतल्या दानाच्या पाट्या एकदा नीट वाचा. ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’ असे लिहून खाली मुलांची नावे. सोन्याच्या पाटल्या मोडून जिने मानस्तंभाला पैसे दिले, ती पाटीवर ‘सौ. व श्री.’ मधली सौ. होऊन बसते. तांब्याचा पत्रा दीड हजार वर्षे टिकला, पण त्यावर जे कोरलेच नाही ते कसे टिकणार? पुढच्या वेळी कमिटीपुढे पाटीचा मजकूर येईल तेव्हा बाईचे स्वतःचे नाव आधी लिहायला सांगा. आणि या कार्तिकात, पाऊस सरून रस्ते सुकले की, अष्टाह्निकेच्या एखाद्या दिवशी मंडळाची गाडी करून मुलींना हलशीला घेऊन जा. डबे घ्या, अर्घ्याचे ताट घ्या, बस्तीत णमोकार म्हणा, सूर्यास्ताच्या आत जेवून परत फिरा. नंदगडच्या रस्त्याला लागताना मुलींना त्या बाईबद्दल सांगा. नाव विचारतील. ते कोरायचे राहिले, असे सांगा.