पोच नसलेला संदेश
१/४
दोन संगणकीय प्रक्रिया समान केव्हा मानाव्यात? १९८४ साली एडिनबरा येथील रोक्को दे निकोला व मॅथ्यू हेनेसी यांनी उत्तर मांडले : कोणतीही चाचणी त्यांत भेद दाखवू शकत नसेल, तेव्हा.

२/४
परंतु तेथे देणारा व घेणारा एकाच क्षणी भेटत. १९९१ मध्ये कोहेई होंडा व मारिओ तोकोरो यांनी असमकालिक संवादाचे कलन मांडले. यात पाठवणारा थांबत नाही. टपालपेटीत पत्र टाकून तो निघून जातो. पोच मिळत नाही.

३/४
परिणाम विलक्षण होता. एकदा संदेश घेऊन तोच परत सोडणारी प्रक्रिया, काहीच न करणाऱ्या प्रक्रियेहून वेगळी ओळखता येईना.

४/४
इलारिया कास्तेल्लानी व हेनेसी यांनी १९९८ च्या चेन्नई परिषदेत अशा भाषांचे चाचणीसिद्धांत मांडले. समानता केवळ प्रक्रियेवर नव्हे, तर परीक्षकाला काय दिसू शकते यावरही ठरते.