वाचनखुणांची सूची आणि जाफराबादचे उदाहरण

वाचनखूण म्हणजे मूळची पुस्तकाच्या पानांत ठेवलेली दोरी, पट्टी किंवा कागदाचा कपटा. संगणकावर याच शब्दाला नवा अर्थ आला: वेबवरील पानाचे शीर्षक आणि पत्ता यांची जपून ठेवलेली नोंद. पुस्तकातली खूण पुस्तकातच राहते. वेबवरची खूण मात्र पानापासून दूर, वाचकाच्या संगणकात असते. खुणा शेकड्यांनी वाढल्या की त्यांची सूचीच करावी लागते.

सूचीचे काम मराठीला नवे नाही. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातील आणि दुसऱ्या खंडात १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची विषयवार नोंद केली. पुस्तक कोठेही असो, त्याचा माग एका ठिकाणी लागावा, हा सूचीचा हेतू. वाचनखुणा सांभाळणाऱ्या प्रणालींचा हेतूही तोच आहे.

१९९३ मध्ये आलेल्या मोझॅइक या ब्राउझरमध्ये आवडत्या पत्त्यांची ‘हॉटलिस्ट’ होती. १९९४ मध्ये नेटस्केपने ‘बुकमार्क’ हा शब्द घरोघर पोहोचवला. नेटस्केपच्या खुणा एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये साठत आणि कप्प्यांत, म्हणजे फोल्डरमध्ये, लावता येत. खुणा एका ब्राउझरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी आजही त्याच धाटणीची फाइल वापरली जाते.

कप्प्यांची मर्यादा जाफराबादच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आजच्या जालना जिल्ह्यातील हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. जाफराबाद तालुका पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा तो त्यात आला. याच परिसरातील आसई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजांची सेनापती वेलस्लीच्या इंग्रज सैन्याशी लढाई झाली. आसईवरील लेखाची खूण जालन्याच्या कप्प्यात ठेवावी, मराठेशाहीच्या की इंग्रजी लष्करी इतिहासाच्या? कोणताही एक कप्पा निवडला तरी इतर दोन वाटांनी येणाऱ्याला ती सापडत नाही.

यावरचा उपाय खूणशब्दांचा, म्हणजे टॅगचा. जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या डिलिशस या सेवेने तो लोकप्रिय केला. एकाच नोंदीला ‘जालना’, ‘आसई’, ‘१८०३’, ‘शिंदे’ असे हवे तितके शब्द जोडता येऊ लागले. २००८ मध्ये फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीने खुणा डेटाबेसमध्ये ठेवून हीच सोय वाचकाच्या स्वतःच्या संगणकावर आणली.

खूणशब्दांना शिस्त मात्र लागते. जाफराबाद आणि जाफ्राबाद ही एकाच गावाची नावे आहेत, हे यंत्राला आपोआप कळत नाही. उलट, गुजरातच्या किनाऱ्यावरील जाफराबाद हे वेगळे गाव आहे. ते जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होते आणि जाफराबादी म्हशीचे नाव त्यावरूनच पडले. ग्रंथपाल अशा वेळी एक प्रमाण शीर्षक ठरवतात आणि इतर रूपांपुढे ‘पाहा’ अशी नोंद करतात. ‘जाफराबाद-जालना’ असा एकच खूणशब्द कायम ठेवणे ही त्याच पद्धतीची संगणकीय आवृत्ती होय. मराठीत आणखी एक अडचण होती. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक सांकेतिक रचना रूढ होण्यापूर्वी बरीच मराठी संकेतस्थळे आपापल्या फॉन्टची स्वतंत्र सांकेतिक रचना वापरत. तो फॉन्ट नसेल तर मजकूर विचित्र अक्षरांत दिसे आणि देवनागरीत शोध घेता येत नसे. युनिकोडमुळे मराठी खूणशब्द खऱ्या अर्थाने उपयोगी झाले.

सूची नीट असली तरी मूळ पान टिकेलच असे नाही. संकेतस्थळे बंद होतात, पत्ते बदलतात. खुणा सांभाळणाऱ्या सेवाही त्याला अपवाद नाहीत: डिलिशस २०१७ मध्ये पिनबोर्ड या सेवेने विकत घेतली आणि तीत नवी भर घालणे थांबले, मोझिलाची पॉकेट ही सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली. म्हणून लिंकवॉर्डनसारख्या अलीकडच्या प्रणाली पत्त्यासोबत पानाची प्रतही साठवतात. २००१ मध्ये खुले झालेले इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन जुन्या पानांच्या प्रती सर्वांना दाखवते. ज्या गावाचा इतिहास एका ग्रंथात सलग मिळत नाही आणि राज्य-जिल्हे बदलत गेल्याने ज्याची साधने विखुरलेली आहेत, त्याच्या अभ्यासाला पत्ता, खूणशब्द आणि प्रत या तिन्हींची गरज असते.