घाट, लिटर आणि अश्वशक्ती

गेल्या महिन्यात पाटणला गेलो होतो. माझा मामेभाऊ औषधांची दुकानं पुरवतो. आज कऱ्हाड, उद्या कोयनानगर, परवा कुंभार्ली उतरून चिपळूण. जुनी पेट्रोल गाडी आता दमलीय. त्याने थेट विचारलं, "तू इंजिनांच्या इतिहासावर पीएच.डी. करतोयस ना? मग सांग, हायब्रिडला जादा कर्ज काढू का नको?" तीन वर्षांत माझ्या गाइडनेही इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही.

तर सुरुवात त्याच्या हातातल्या माहितीपत्रकापासून करू. २०२२ साली आलेली टोयोटा किर्लोस्करची अर्बन क्रूझर हायरायडर घ्या. साध्या पेट्रोल इंजिनाचं माप १,४६२ सीसी, ताकद १०३ अश्वशक्ती. हायब्रिडमधलं इंजिन १,४९० सीसीचं, म्हणजे किंचित मोठं, पण ताकद फक्त ९२. मोठं इंजिन आणि ताकद कमी? भावाला ही छपाईची चूक वाटली. चूक नाहीये. सगळी गंमत इथेच आहे.

१८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटोने चार फेऱ्यांचं इंजिन चालवून दाखवलं. त्यात पिस्टन जेवढा दाबतो, तेवढाच स्फोटानंतर पसरतो. त्यामुळे धूर बाहेर जाताना बराच दाब वाया जातो. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज माणसाने १८८०च्या दशकात उपाय काढला: दाबायचं कमी, पसरू द्यायचं जास्त. इंधन वाचलं, पण दर फेरीला सिलिंडरमध्ये मिश्रण कमी बसल्याने ताकद घटली. शिवाय त्याच्या सांध्या-दांड्यांचं लटांबर कुणाला परवडेना. गाड्यांच्या बाजारात शंभर वर्षं ओटोच जिंकला, कारण गिऱ्हाईक आधी ताकद मागत होतं.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस आली आणि अ‍ॅटकिन्सन परतला. दांड्या गेल्या, आत घेणारी झडपच उशिरा बंद करायची, म्हणजे थोडं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं. कमी पडलेली ताकद विजेची मोटर भरून काढते. हायरायडरमध्येही तेच. इंजिन ९२चं, पण मोटर धरून एकूण ११६. जोडीदार मिळाला म्हणून इंजिनाला काटकसर परवडते, असं समजा.

योगायोग बघा. त्याच १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर कंपनी स्थापन झाली. यातले किर्लोस्कर म्हणजे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. १९१० साली लक्ष्मणरावांनी औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर केले. सातारा शहरात कूपर कंपनी १९३०च्या दशकातच डिझेल इंजिनं बनवू लागली होती. म्हणजे "थेंबात किती काम होतं" हा प्रश्न या भागाला मोटारींमुळे पडला नाही. विहिरीवर इंजिन बसवणाऱ्या शेतकऱ्याला तो आधीच पडला होता. (प्रबंधातलं माझं सगळ्यात लाडकं प्रकरण हेच. असो.)

आता मायलेज. साध्या गाडीला लिटरला २१ किलोमीटरच्या आसपास, हायब्रिडला २७.९७. हे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीतून येतात. गाडीची चाकं रोलरवर फिरतात, साधारण वीस मिनिटं ठरलेल्या वेगांची कवायत होते, वेग ९० च्या वर जात नाही. थांबणं-निघणं भरपूर, चढ एकही नाही. कुंभार्ली घाट रोलरवर बसत नाही.

तो आपण कागदावर बसवू. कोयनेचं पाणी पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडून वीज करतं. घाटाचा उतार तेवढाच धरू. माणसं-माल धरून दीड टनाची गाडी तेवढी वर न्यायला जवळजवळ दोन युनिट ऊर्जा लागते, तीच वीजबिलातली युनिटं. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटं असतात. साध्या इंजिनाने त्यातला पाव भाग चाकांपर्यंत पोचवला तर निव्वळ उंचीसाठी पाऊण लिटरहून जास्त जातं. चाळीस टक्के पोचवला तर अर्ध्या लिटरच्या थोडं वर. चढावर फरक आहे तो एवढाच.

मग उतारावर ती दोन युनिटं परत मिळतात का? थोडीच. काही टायर आणि वारा खातात. उरलेली साठवायला बॅटरी आहे सुमारे पाऊण युनिटाची, आणि ती टिकावी म्हणून तिचाही काही भागच वापरतात. पायथा येण्याआधीच ती भरते. पुढे गाडी इंजिनाच्या जोरावर रोखावी लागते, आपल्या जुन्या एस.टी.सारखी. कोयनेला शिवसागर आहे. गाडीपाशी फक्त कळशी.

ही कळशी भरून लगेच ओतायची असेल तेव्हा मात्र खरी कामाची. कऱ्हाडच्या बाजारात, सिग्नलला, दुकानागणिक थांबताना. तिथे साधं इंजिन उभ्या-उभ्या पेट्रोल पितं आणि हायब्रिडचं बंद असतं.

म्हणून मी भावाला एकच काम दिलं: महिन्याच्या फेऱ्या वहीत लिही, घाटाचे किलोमीटर वेगळे, बाजारातले वेगळे. कर्जाचा जादा हप्ता त्याच्या शेजारी मांड. त्याने वही केलीय. पहिल्या दहा दिवसांत चिपळूण दोनदा, कऱ्हाड सात वेळा.