कालव्यापलीकडची जर्मन वस्ती

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराला मायामी-ईरी कालव्याने दोन भागांत तोडले होते. दक्षिणेला, ओहायो नदीकडे, मुख्य व्यापारपेठ होती. उत्तरेला, टेकड्यांच्या पायथ्याशी, जर्मन स्थलांतरित दाटीवाटीने राहू लागले. लोक थट्टेने कालव्याला ऱ्हाइन नदी म्हणत. त्यावरून वस्तीचे नाव पडले ‘ओव्हर-द-ऱ्हाइन’.

1848च्या फसलेल्या क्रांतीनंतर जर्मन राज्यांतून परागंदा झालेले लोकशाहीवादी येथे आले आणि वस्तीला राजकीय धार आली. परकीयांवर खार खाणाऱ्या ‘नो-नथिंग’ पक्षाशी तिचा सामना 1855च्या निवडणुकीत झाला. जमावाने जर्मन वॉर्डांतल्या मतपत्रिका नष्ट केल्या, तेव्हा जर्मनांनी रस्त्यात अडथळे रचून वस्ती राखली. त्याच वर्षी फिंडले मार्केट ही लोखंडी सांगाड्याची मंडई उघडली. ती आजही भरते.

वस्तीचा पैसा बिअरमध्ये होता. बव्हेरियातून आलेल्या ख्रिश्चन मोर्लाइनने 1853मध्ये सुरू केलेली ब्रुअरी पुढे शहरातली सर्वांत मोठी झाली. जर्मनांची आवडती लागर बिअर थंडीत आठवडेच्या आठवडे मुरावी लागते. यांत्रिक शीतकरणापूर्वी त्यासाठी जमिनीखाली खोल, कमानदार दगडी तळघरे बांधून त्यांत बर्फ भरत. रस्त्यांखाली अशी कितीतरी तळघरे अजून आहेत.

बिअरइतकेच वेड गाण्याचे. सामूहिक गायनाच्या महोत्सवांसाठी उभारलेल्या लाकडी सभागृहाला पत्र्याचे छप्पर होते. 1875च्या मे महोत्सवात पावसाच्या माऱ्याने गाणे ऐकू येईना आणि कार्यक्रम थांबवावा लागला. श्रोत्यांत बसलेले धनिक रूबेन स्प्रिंगर यांनी मग पक्क्या इमारतीसाठी मोठी देणगी देऊ केली, आणि 1878मध्ये विटांचे भव्य म्युझिक हॉल उभे राहिले. जागा मात्र जुन्या बेवारशांच्या दफनभूमीची. खोदकामात तिथे हाडे निघत राहिली.

ओहायोच्या 1840च्या कायद्यामुळे सरकारी शाळांत जर्मन शिकवता येत होते. पहिल्या महायुद्धाने हे सगळे उलटवले. 1918मध्ये ब्रेमेन स्ट्रीटचे नाव रिपब्लिक स्ट्रीट झाले, शहरातल्या जर्मन स्ट्रीटचे तर चक्क इंग्लिश स्ट्रीट! 1919च्या कायद्याने आठवीपर्यंत जर्मन शिकवण्यावर बंदी आली आणि पाठोपाठ दारूबंदीने ब्रुअऱ्यांना टाळे लागले. भाषा आणि धंदा असे बरोबरच गेले. सुस्थितीतली जर्मन कुटुंबे तर आधीपासूनच टेकड्यांवर राहायला जात होती. कालवाही संपला: त्याच्या पात्रात भुयारी रेल्वेचे काम सुरू झाले, ते अर्धवट राहिले आणि वर 1928मध्ये सेंट्रल पार्कवे हा रस्ता झाला.

रिकाम्या खोल्यांत पुढे ॲपलाचियाच्या डोंगराळ भागातले गरीब गोरे मजूर आले. नंतर महामार्गासाठी शेजारच्या वेस्ट एंडमधून उठवलेली कृष्णवर्णीय कुटुंबे आली. 1900मध्ये सुमारे 45 हजार असलेली लोकसंख्या 2000पर्यंत आठ हजारांच्या आत आली. नव्या बांधकामात पैसा घालायला कोणी तयार नव्हते. बरीच जुनी घरे पडली, पण इटालियन धाटणीच्या विटांच्या चाळींच्या रांगा टिकण्यात या उपेक्षेचाही वाटा आहे. 1983मध्ये परिसराची राष्ट्रीय वारसा नोंदवहीत नोंद झाली.

एप्रिल 2001मध्ये पोलिसांच्या गोळीने एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला आणि येथे दंगल उसळली. त्यानंतर कंपन्यांच्या पाठबळावर पुनर्विकास वेगाने झाला. भाडी चढली आणि अनेक जुन्या भाडेकरूंना वस्ती सोडावी लागली. 2013मध्ये मोर्लाइनच्या बाटल्या भरण्याच्या जुन्या कारखान्यात राइनगाइस्ट ही नवी ब्रुअरी सुरू झाली.