सहा वर्षे तेवत राहिलेला दिवा

मृगया हा शब्द उच्चारताच आपल्या मनापुढे दशरथ, पांडू आणि दुष्यंत हे राजे उभे राहतात. तिघेही अरण्यात शिरले, आणि तिघांच्याही आयुष्याला त्या मृगयेने निराळेच वळण दिले. ज्या चौघा शिकाऱ्यांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत ते मात्र राजे नव्हते. शिकार हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या अरण्यात एकही झाड नव्हते.

रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर मेझेन नावाचे गाव आहे. तेथील एका व्यापाऱ्याने १७४३ साली चौदा माणसांचे एक गलबत स्पिट्सबर्गेनच्या बेटांकडे वॉलरस मारण्यासाठी धाडले. आठ दिवस वारा अनुकूल होता. नवव्या दिवशी तो फिरला, आणि बेटांच्या पश्चिमेस जावयाचे ते गलबत पूर्वेस लोटले जाऊन बर्फात अडकले. किनारा अवघ्या कोसभरावर होता. पूर्वी मेझेनच्याच काही लोकांनी तेथे एक लाकडी झोपडी बांधल्याचे तांडेल अलेक्सेई खिम्कोव यास स्मरत होते. तिचा शोध घेण्यासाठी तो स्वतः, त्याचा धर्मपुत्र इव्हान, स्टेपान शारापोव्ह आणि फ्योदोर व्हेरिगिन असे चौघे बर्फावरून चालत निघाले. पाय घसरू नयेत म्हणून ओझे मुद्दाम हलके ठेवले होते : एक बंदूक, बारा बार पुरेल इतकी दारू व तितक्याच गोळ्या, कुऱ्हाड, सुरी, लहानसे पातेले, सुमारे वीस पौंड पीठ, चकमक आणि थोडी तंबाखू.

झोपडी सापडली. रात्र त्यांनी तीतच काढली. बाहेर वादळ घोंघावत होते. सकाळी आनंदाने किनाऱ्यावर येऊन पाहतात तो समोर मोकळा समुद्र! बर्फ नाही, गलबतही नाही. त्या गलबताचा वा त्यावरील दहा जणांचा पुढे कधीच पत्ता लागला नाही.

बारा गोळ्यांनी त्यांनी बारा रेनडियर मारले. त्यानंतर बंदूक म्हणजे केवळ लोखंडाची नळी. किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेल्या लाकडांत त्यांना एक फळी मिळाली. तीत एक मोठा आकडा व काही खिळे होते. आकड्याचा हातोडा झाला, धोंड्याची ऐरण झाली, हरणाच्या शिंगांचा सांडस झाला. खिळे ठोकून भाल्यांची पाती घडविली आणि त्या भाल्यांनी एक पांढरे अस्वल मारले. त्याच्या स्नायूंचे तंतू सोलून धनुष्याची दोरी वळली. धनुष्य देवदाराच्या वाहून आलेल्या मुळाचे. त्या धनुष्याने पुढील काळात त्यांनी सुमारे अडीचशे रेनडियर टिपले. आपण होऊन त्यांनी अस्वलावर चाल केली ती एवढी एकदाच. बाकीची नऊ अस्वले त्यांच्याच अंगावर चालून आली होती.

परंतु ह्या सर्वांहून आम्हांस थोर वाटते ती त्यांच्या दिव्याची गोष्ट. चकमकीसाठी लागणारा कापूस संपत आला होता. एकदा अग्नी विझला की पुन्हा पेटविण्याची आशा नव्हती. बेटावरील चिकणमातीची पणती करून त्यांनी तीत रेनडियरची चरबी घातली; पण वितळलेली चरबी मातीतून पाझरू लागली. तेव्हा दुसरी पणती वाळवून, लाल होईपर्यंत तापवून, पिठाच्या ऊन खळीत बुडविली, आणि बाहेरून खळीत भिजवलेल्या चिंध्या लिंपल्या. पणती पाझरेनाशी झाली. ह्या कामासाठी त्यांनी पीठ राखून ठेवले, भाकरीचा मोह आवरला! वातींसाठी प्रथम वाहून आलेले दोरखंड उसवले, मग अंगातले सदरे फाडले, आणि स्वतः कातडी पांघरली. एक फुटली तर असावी म्हणून जोडीला आणखी एक पणती केली. हा दिवा जवळजवळ सहा वर्षे विझला नाही. गाभाऱ्यातील नंदादीपाची ज्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सेवा आहे, त्यांना ह्या पहाऱ्याचे मोल निराळे समजावून सांगावयास नको.

आता फ्योदोरविषयी. इव्हानने पूर्वी स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम भागात हिवाळे काढले होते. स्कर्व्ही टाळावयाची तर गोठलेले कच्चे मांस खावे, रेनडियरचे ऊन रक्त प्यावे, बेटावर उगवणारी एक वनस्पती खावी आणि हिंडतेफिरते राहावे, असे त्याने सर्वांस सांगितले. तिघांनी ते मानले. फ्योदोरला रक्ताची शिसारी होती. तो झोपडीतच पडून राहू लागला, त्यास स्कर्व्हीने गाठले, आणि शेवटी तर हात तोंडापर्यंत नेणेही अशक्य झाले. सोबत्यांनी त्यास तान्ह्या मुलाप्रमाणे भरविले, वर्षानुवर्षे भरविले. तो वारला तेव्हा अस्वलांनी उकरू नये म्हणून त्यास बर्फात खोल पुरले.

ही हकीकत लिहून ठेवणारा ल रॉय हा विद्वान फ्योदोरला आळशी म्हणतो. हा शब्द आम्हांस अन्यायाचा वाटतो. अंग गळून जाणे हे स्कर्व्हीचे पहिले लक्षण होय. आळसाने रोग आला की रोगाने आळस आला, हे त्या अंधाऱ्या झोपडीत कोणी ठरवावे? जेम्स लिंडने आजारी खलाशांना संत्री व लिंबे देऊन पाहिली ती ह्याच काळात, १७४७ साली. आणि ताज्या मांसातही अल्प प्रमाणात असणारे व शिजविल्याने नाश पावणारे ‘क’ जीवनसत्त्व शास्त्रज्ञांच्या हाती लागले ते विसाव्या शतकात. इव्हानजवळ उपाय होता, कारण नव्हते. आणि एखादा पदार्थ जिभेवर ठेवणे प्राण गेला तरी शक्य होत नाही, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना आतून ठाऊक असेल.

१५ ऑगस्ट १७४९ रोजी वाऱ्याने भरकटलेले एक रशियन गलबत त्या बेटाजवळ आले. तिघांनी टेकड्यांवर जाळ केले आणि काठीला रेनडियरचे कातडे बांधून हालविले. अलेक्सेईने इतकी वर्षे दिवसांची गणना ठेवली होती. जेथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही, तेथे ती ठेवली होती. त्याच्या हिशेबाने तो दिवस १३ ऑगस्ट निघाला. मधल्या काळात १७४४ व १७४८ ही दोन लीप वर्षे येऊन गेली. ते दोन वाढीव दिवसच सुटले असावेत, अशी आमची अटकळ आहे. अधिक मासाचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या जोशीबुवांनीही ह्या तांडेलाची पाठ थोपटली असती.

बेट कोणते, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी एज्ज बेट म्हणतात, कोणी त्याच्या शेजारचे चिमुकले हाफमून. १७५० च्या आरंभी अलेक्सेई व इव्हान ह्यांना सेंट पीटर्सबर्गला बोलावून ल रॉयने त्यांच्या तोंडून सारे ऐकले आणि १७६६ साली ते छापले.

ते १७४९ च्या सप्टेंबरअखेर आर्खांगेल्स्क बंदरास लागले. अलेक्सेईची पत्नी तेथील पुलावर उभी होती. गलबतावर नवऱ्यास पाहताच तिने भान हरपून उडी टाकली, ती थेट पाण्यात. लोकांनी तिला कसेबसे वाचविले. घरी आल्यावर त्यांच्यापुढे भाकरी आली. ती मात्र त्यांना पचेना, पोट फुगे. दारूही सोसेना. पुढे ते पाणीच पीत.