‘कीं’ आणि ‘म्हणून’

कसबा बावड्यांत एखादी बाई शेजारणीस निरोप सांगते, “दादा म्हनला की उद्याच्याला येतो म्हणून. भाकरी जास्त थापा.” ऐकणारीस त्यांत कांहींच खटकत नाहीं. पण हेंच वाक्य मुलानें निबंधाच्या वहींत उतरविलें तर शेवटच्या ‘म्हणून’वर लाल रेघ ओढली जाते. ‘कीं’ आल्यावर पुन्हां ‘म्हणून’ कशाला, असा शाळेचा रोकडा प्रश्न असतो. ह्या लहानशा प्रश्नामागें सात शतकांचा इतिहास आहे.

दोघांत ‘म्हणून’ हा घरचा. संस्कृत ‘भण्’ धातूपासून ‘म्हणणें’ झालें आणि त्याचेंच हें रूप. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरींत तें ‘म्हणौनि’ असें भेटतें. दुसऱ्याचें बोलणें संपलें कीं तेथें खूण करावयाची, ही रीत संस्कृतांत ‘इति’ सांभाळीत असे. शेजारच्या कानडींतील ‘अंत’ आणि तेलुगूंतील ‘अनि’ हे शब्दही बोलण्याच्या धातूंपासूनच झाले असून तेही वाक्याच्या शेवटींच बसतात.

वाक्य उघडून देण्याचें काम जुन्या मराठींत ‘जे’ करी. ‘कीं’ हा शब्द तेव्हांही होता. पण त्याचा अर्थ बहुधा ‘किंवा’ अथवा ‘खरोखर’ असा असे. १३४७ सालीं बहामनी राज्य स्थापन झालें, पुढें आदिलशाही आली आणि दफ्तरांत फार्शी रुळली. फार्शीचा ‘कि’ हेंच उघडण्याचें काम करतो. त्याच्या सहवासानें मराठी ‘कीं’ला हें नवें काम मिळालें, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश झाला आणि दरबारांतील फार्शी नांवांना संस्कृत पर्याय मिळाले. ‘कीं’ मात्र जागचा हालला नाहीं. नांवें बदलतां येतात, वाक्याचे सांधे सहसा बदलत नाहींत. पुढें राजाराम कॉलेजांत शिकविणाऱ्या माधवराव पटवर्धनांनीं १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तेव्हां मराठींत फार्शी किती खोल मुरली आहे तें वाचकांस दिसलें.

परंतु दोन्ही शब्द एकत्र कां नांदले? उत्तर मोडी कागदांत आहे. मोडींत शब्दांमध्यें जागा सोडीत नसत आणि विरामचिन्हेंही नसत. वतनाच्या तंट्यांत रयतेची तक्रार, पाटलाची जबानी आणि हुजूरचा हुकूम एकाच ओळींत सलग येत. अशा कागदांत ‘ऐसे जे’ किंवा ‘कीं’ दुसऱ्याचें बोलणें उघडून देई आणि ‘म्हणोन’ तें मिटवी. ‘म्हणोन’ नजरेंतून निसटला तर एका पक्षाचें म्हणणें सरकारचा निवाडा वाटावयाचें. एका अव्ययावर एखाद्या घराची जमीन तोलली जात असे.

युरोपांतही अशीं जोडअव्ययें आहेत. बोलक्या डच भाषेंत ‘ऑफ’पुढें ‘दात’ येतो. बव्हेरियाच्या बोलींत ‘वारुम’पुढें ‘दास’ येतो. चौदाव्या शतकांतील चॉसरच्या कँटरबरी टेल्सचा प्रारंभच ‘व्हेन’ व ‘दॅट’ ह्या जोडीनें होतो. पुढें प्रमाण इंग्रजींत हा ‘दॅट’ गळाला. फरक एवढाच कीं तेथील जोडी वाक्याच्या आरंभीं शेजारीं शेजारीं बसते, तर मराठी जोडीपैकीं एक उंबऱ्यावर आणि एक परसदारीं उभा असतो. शेजारीं बसणारी जोडीही मराठीला अपरिचित नाहीं. ‘पत्रास कारण कीं’ हे शब्द श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरच्या जुन्या पत्रांत सांपडतील.

एकोणिसाव्या शतकांत छापखाने आले, मेजर कँडींनीं मराठींत विरामचिन्हें रूढ केलीं, आणि ‘म्हणून’चें मिटविण्याचें काम अवतरणचिन्हानें घेतलें. त्यामुळें छापील पानावर दुसरी खूण जास्तीची ठरली. त्या मर्यादेंत वहींतील लाल रेघ योग्यच आहे.

पण बोलण्यांत अवतरणचिन्ह कोठून आणावयाचें? बावड्याच्या त्या निरोपांतून ‘म्हणून’ काढून पाहावा. मग भाकरी जास्त थापावयास दादानें सांगितलें कीं बाई स्वतःच सांगते आहे, हें कळावयास मार्ग राहत नाहीं. ‘म्हणून’ असतां दादाचें बोलणें तेथेंच संपतें, आणि भाकरीची काळजी त्या बाईची ठरते.